गिरणीचा पट्टा आणि नातवाची बोटे

माझ्या लहानपणी माकणीत पिठाची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालत असे. तेरणेवरचे धरण तेव्हा व्हायचे होते आणि विजेचा काही भरवसा नव्हता. इंजिनाच्या मोठ्या चाकावरून निघालेला रुंद पट्टा जात्याच्या चाकावर जाई आणि फटफट आवाज करीत अखंड फिरत राही. गिरणीवाल्या काकांनी त्या पट्ट्यापासून दोन हातांवर जमिनीवर चुन्याची रेघ ओढलेली होती. ज्वारीचे डबे घेऊन आलेल्या बायकांना ते आधी पदर खोचायला लावीत, म्हाताऱ्यांना धोतराचा सोगा आवरायला सांगत, आणि आम्हां पोरांपैकी कोणाचा पाय रेघेपलीकडे गेला तर हातातील पत्र्याचे माप जोरात डब्यावर आपटीत. ‘पट्टा ओढून घेतो’ एवढेच वाक्य आम्हांला पाठ होते. का ओढून घेतो, ओढल्यावर काय होते, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती.

पन्नासहून अधिक वर्षांनी तसाच एक फिरता पट्टा मी स्वतःच्या हातांनी घरात आणून ठेवला. त्याच्याभोवती चुन्याची रेघ ओढण्याचे मात्र मला सुचले नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता माकणीच्या जुन्या घरी परतलो. रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालण्यास सांगितले होते. परंतु उसाच्या हंगामात पहाटेपासून रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ लागते, शिवाय मोकाट कुत्री. पुण्याहून मुलाने ट्रेडमिल पाठवून दिली. मी ती सोप्यात, टीव्हीकडे तोंड आणि भिंतीकडे पाठ करून, मांडली. यंत्रासोबत दोरीला अडकवलेली एक लाल चावी आली होती. ती सदऱ्याला लावून चालावे, पडल्यास चावी निघून पट्टा आपोआप थांबतो, असे पुस्तिकेत लिहिले होते. आयुष्यभर कर्जाचे करारनामे शब्दन् शब्द वाचणाऱ्या माणसाने ती पुस्तिका वाचून नीट कपाटात ठेवली. चावी मात्र यंत्रातच खोचलेली राहिली.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतील गोष्ट. मुलगा, सूनबाई आणि अडीच वर्षांचा नातू आले होते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सकाळी मी चालत होतो. सौ. स्वयंपाकघरात होत्या, मुलगा आंघोळीला गेला होता. नातू अंगणात खेळतो आहे अशी माझी समजूत होती. तो केव्हा आत आला आणि यंत्राच्या मागच्या बाजूला केव्हा बसला, हे मला कळले नाही. फिरता पट्टा मागच्या रुळाखाली नाहीसा होतो, ही मुलांना मोठी नवलाची गोष्ट वाटत असावी. त्याने तेथे हात लावला. किंकाळी ऐकून मी मागे वळलो, तोल सावरला, बटण शोधले, पट्टा थांबवला. यात पाच-सहा सेकंदांहून अधिक काळ गेला नसेल.

पुढे कधीतरी, झोप न येणाऱ्या एका रात्री, मी त्याचा हिशोब मांडला. यंत्राचा वेग ताशी पाच किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर. पाच-सहा सेकंदांत सात-आठ मीटर पट्टा त्या तीन बोटांवरून घासत गेला. आमच्या सोप्याची लांबीही तेवढी नाही.

बोटांतून रक्त फारसे आले नव्हते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या तळव्याकडील भागाची साल निघाली होती आणि आत पांढुरके, मेणासारखे दिसत होते. थोडा वेळ आकांत करून मूल शांत झाले, लाडूही मागू लागले. ‘खरचटले आहे, चार दिवसांत खपली धरेल,’ असा निकाल मीच दिला. सौ.नी हळद भरली. शेजारच्या वहिनींनी टूथपेस्ट लावण्यास सुचवले, म्हणून त्यावर तीही लावली. गावातील डॉक्टरांनी संध्याकाळी हात पाहिला आणि म्हणाले, ‘हे खरचटणे नाही, भाजणे आहे. उद्याच लातूरला प्लास्टिक सर्जनकडे न्या.’ मला हसू आले. विस्तव नाही, गरम तेल नाही, मग भाजेल कसे? दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती, बहिणी यायच्या होत्या. आम्ही लातूरला गेलो ते चौथ्या दिवशी. सूनबाईंनी दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा ‘काही होत नाही’ असे उत्तर देणारा मीच होतो.

लातूरच्या डॉक्टरांनी प्रथम अर्धा तास हळद आणि टूथपेस्टचे खपले भिजवून काढले. लेप असल्यावर खालच्या जखमेचा रंग दिसत नाही, आणि रंग दिसला नाही तर खोली कळत नाही, असे ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, ‘काका, थंडीत आपण तळहात एकमेकांवर का चोळतो?’

ज्या घर्षणाने थंडीत ऊब येते, त्याच घर्षणाचा वेग आणि दाब वाढला की त्वचा भाजते. म्हणून अशा इजेला डॉक्टर ‘फ्रिक्शन बर्न’ म्हणतात. ही एक नव्हे, एकाच जागी झालेल्या दोन इजा असतात. पृष्ठभाग किसला जातो, आणि त्याच क्षणी निर्माण झालेल्या उष्णतेने खालचा थर भाजतो. डोळ्यांना पहिली इजा दिसते. दुसरी आत असते. वरवर भाजले तर त्वचा लाल होते, फार आग होते आणि साधारणतः दोन आठवड्यांत ती भरून येते. भाजणे खोल गेले तर जागा पांढुरकी पडते आणि वेदना उलट कमी होतात, कारण वेदना सांगणारे मज्जातंतूंचे टोकच जळून गेलेले असते. आमचा नातू शांत झाला याचा मला आनंद वाटला होता. ते खरे तर वाईट लक्षण होते.

खोलीचा नेमका अंदाज पहिल्याच दिवशी येईल असे नाही, त्यासाठी काही दिवस जखम पुन्हा पुन्हा पाहावी लागते. बँकेत कर्जाचे खाते पहिले हप्ते चुकूनही कागदावर सुदृढ दिसते, नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक ठरते. जखमेचे तसेच काहीसे आहे. परंतु मधल्या दिवसांत खाते पाहतच नसाल, तर दोष खात्याचा नाही.

मुलांच्या तळहाताची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची त्वचा पातळ असते, म्हणून तेवढ्याच घर्षणाने अधिक खोल भाजते. तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेवर जाड व्रण येण्याचा संभव मोठा, आणि व्रणाचा स्वभाव आकसण्याचा. बोटाच्या तळव्याकडील व्रण आकसला की बोट मुठीकडे ओढले जाते. मूल वाढते, हाड वाढते, व्रण मात्र त्या मानाने वाढत नाही. त्यामुळे आज किंचित वाकलेले बोट वर्षभराने अधिक वाकते.

आमच्याकडे नेमके हेच घडले. मधले बोट आणि करंगळी पट्टी बदलता बदलता भरून आली. अनामिकेला महिना लागला. नंतर रात्री बोटे सरळ ठेवण्यासाठी खपाटी बांधायची, दिवसातून चार वेळा खोबरेल तेलाने व्रण चोळायचा, बोट हलक्या हाताने मागे ताणायचे, घट्ट बसणारा हातमोजा घालायचा, असा क्रम सात महिने चालला. तो सारा भार पुण्यात सूनबाईंनी उचलला. बोट ताणताना मूल रडे, आणि तीही रडे, हे मला मुलाकडून कळले. तिने स्वतः मला कधी एका शब्दाने सांगितले नाही. अखेर अनामिकेचा व्रण सोडवून तेथे जांघेतील त्वचेचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया पुण्यात करावी लागली. आज नातू पेन्सिल धरतो, चेंडू झेलतो. अनामिका पूर्ण सरळ मात्र होत नाही. त्या दिवसाचे त्याला काहीही आठवत नाही.

अशा घटना जगभर घडत आल्या आहेत. अमेरिकेत २०२१ च्या मे महिन्यात पेलोटन या कंपनीला आपल्या एका प्रकारच्या सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. मुले, पाळीव प्राणी आणि वस्तू यंत्राच्या मागच्या बाजूने खाली ओढल्या गेल्याच्या ७० हून अधिक तक्रारी तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाकडे आल्या होत्या आणि त्यांत सहा वर्षांच्या एका बालकाचा मृत्यू झाला होता. ही बातमी मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचली होती. अमेरिकेतील गोष्ट म्हणून पान उलटले.

आता वाटते, यात मला नवे असे काय होते? घर्षणाने हात भाजतो हे माझ्या वडिलांना, अण्णांना, शाळेत न जाताही ठाऊक होते. मोटेचा नाडा, विहिरीच्या पोहऱ्याचे चऱ्हाट, बैलांचा कासरा, सारा संसार दोरावर चालत होता. अण्णांच्या उजव्या तळहातावर एक आडवा, गुळगुळीत, पांढरट पट्टा होता. बुजलेल्या बैलाचा कासरा त्यांनी तरुणपणी सोडला नव्हता, त्याची ती खूण. त्यांचा दंडक एकच होता: कासरा हातात धरावा, हाताला गुंडाळू नये. धरलेला दोर सोडता येतो, गुंडाळलेला दोर आपल्याला सोडत नाही. तेव्हाचे दोर अंबाडीचे किंवा घायपाताचे, खरखरीत असत. ते हातात रुततात, पण धरूनही राहतात. आजचा नायलॉनचा दोर गुळगुळीत आणि चिवट, तो मुठीतून सुळकन निसटतो आणि निसटताना तळहात भाजून जातो. शाळांच्या रस्सीखेचीत मुले शेवटच्या टोकाला दोर मनगटाभोवती गुंडाळून घेतात, ते पाहिले की मी हल्ली उठून सांगायला जातो. शिक्षकांना ते फारसे रुचत नाही, पण माझ्या वयाकडे पाहून ऐकून घेतात.

ज्यांचा व्यवसाय किंवा विद्याच घर्षणाशी निगडित आहे, त्यांनी त्याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. मल्लखांबाचे उदाहरण घ्या. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल तेल लावतात. मांडी आणि दंड यांनी खांब पकडायचा असल्याने पकड हवी, पण अंग सोलून निघता कामा नये, या दोन टोकांमध्ये एरंडेल नेमके बसते. टांगलेल्या मल्लखांबासाठी पूर्वी वेत वापरीत, पुढे त्याच्या जागी सुती दोर आला. तरीही नवशिक्या मुलामुलींच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात दोराचे चटके बसतातच. चांगले गुरुजी त्यामुळे पहिल्या दिवसांत दोरावरून घसरत खाली येऊ देत नाहीत, पकड बदलत उतरायला लावतात.

आपला धाराशिव जिल्हा तर खो-खोचा. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही याच जिल्ह्याची, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोत गडी टिपण्यासाठी सूर मारतात, म्हणजे धावत येऊन साऱ्या अंगाने जमिनीवर झेप घेतात. कोपर, गुडघे आणि कमरेचे हाड यांवरची साल निघणे हे खेळाडूला नित्याचेच. मातीच्या मैदानावर जखमेत माती जाते, म्हणून ती धुणे महत्त्वाचे. आता सामने मॅटवर होतात. तेथे माती नसते, पण मॅटवर घसरल्याने चटका बसतो, आणि जखम स्वच्छ दिसत असल्यामुळे मुली तिच्याकडे दुर्लक्ष करतात. घरात खेळाडू मुलगी असेल तर तिचे गुडघे अधूनमधून पाहत जावे.

मोटारसायकलवरून पडून डांबरी रस्त्यावर घसरत जाणाऱ्यांची इजाही याच जातीची. तेथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. खडी आणि डांबराचे कण पहिल्या दिवशीच नीट धुऊन काढले नाहीत, तर ते त्वचेखाली राहतात आणि गोंदल्यासारखा निळसर-काळा डाग जन्मभर दिसतो. दुखते म्हणून धुण्याचे टाळू नये, दवाखान्यात जागा बधिर करून ते काम करता येते.

मग अशा वेळी घरात करायचे काय? मला जे चौथ्या दिवशी कळले, ते वाचकांना आजच कळावे म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, यंत्र बंद करा आणि हात ओढून काढण्याऐवजी पट्टा सैल करून सोडवा. दुसरी, नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली ती जागा वीस मिनिटे धरा. वीस मिनिटे म्हणजे घड्याळ लावून वीस मिनिटे. पाणी बेताने वापरण्याचे, गाळून वापरण्याचे वळण आपल्या घरांतून असल्यामुळे नळ एवढा वेळ सोडून ठेवायला हात धजत नाही. खाली बादली ठेवावी, ते पाणी झाडांना घालता येते, परंतु वेळ कमी करू नये. इजा होऊन तास-दोन तास झाले असतील तरी, तीन तासांच्या आत असे पाणी घातल्याचा उपयोग होतो. बर्फ लावू नये, त्याने त्वचेची आणखी हानी होते. लहान मुलाचे बाकीचे अंग पांघरुणात ठेवावे, नाहीतर त्याला थंडी भरते. सूज येण्यापूर्वी हातातील कडे, मनगट्या, दोरे काढून टाकावेत.

त्यानंतर हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही, जांभळे किंवा लाल औषधही नाही. हळदीविषयी माझ्या मनात अनादर नाही, सौ.च्या तर मुळीच नाही. पण डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसला पाहिजे. स्वच्छ धुतलेले सुती कापड किंवा स्वयंपाकघरात अन्न झाकायला वापरतात तो पातळ प्लास्टिकचा पडदा सैलसा ठेवून निघावे. कापूस ठेवू नये, तो चिकटतो. धनुर्वाताची लस केव्हा दिली आहे, याची नोंद सोबत घ्यावी. आणि मुलाचा तळहात, बोटे, चेहरा किंवा सांधा भाजला असेल, अथवा जागा पांढरी पडली असेल, तर सणवार न पाहता त्याच दिवशी भाजण्याचे उपचार जाणणाऱ्या डॉक्टरांकडे जावे. आमच्या भागातून लातूर किंवा सोलापूर गाठणे अवघड नाही. माझी अडचण रस्त्याची नव्हतीच.

वयस्कर वाचकांसाठी पायांविषयी थोडे. नवी चप्पल चावते तेव्हा पृष्ठभागावरच्या घासण्यापेक्षा त्वचेचे थर एकमेकांवर सरकण्याने फोड येतो. तो फोडू नये, वरची त्वचा हीच उत्तम पट्टी असते. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी होते आणि फोड येऊन फुटला तरी कळत नाही. कुंथलगिरीला जाणारे आपले अनेक यात्रेकरू वर्षभर चपला घालतात आणि त्या एका दिवशी तापलेल्या दगडांवरून अनवाणी चढतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, चढण पहाटे करावी आणि उतरल्यावर तळपाय उजेडात, दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या तळव्यांना सवयीने घट्टे पडलेले असतात, तरी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डांबरी रस्ता त्यांनाही सोडत नाही. विहारात सोबत चालणाऱ्या श्रावकांनी रस्त्याच्या कडेची मातीची, सावलीची वाट आधी पाहून ठेवली, तर ती सेवा लहान नाही.

ट्रेडमिलचे काय केले, असे मला पुष्कळजण विचारतात. शस्त्रक्रियेनंतर मी ती विकायला काढली. लोहाऱ्याहून एक निवृत्त शिक्षक पाहायला आले. यंत्र त्यांना आवडले, किंमतही ठरली. सहज विचारले, घरी लहान मुले आहेत काय? ‘दोन नातवंडे आहेत, मोठा तीन वर्षांचा,’ ते कौतुकाने म्हणाले. मी त्यांना बसवले, चहा सांगितला आणि झाले ते सारे सांगितले. मागे भिंत नको, दोन मीटर जागा मोकळी हवी. चावी सदऱ्याला लावावी, चालून झाल्यावर काढून कुलपात ठेवावी, प्लगही काढावा. मुले घरात जागी असताना चालवूच नये. ते शांतपणे ऐकत होते. चहा संपल्यावर ‘घरी विचारून कळवतो’ म्हणून गेले, ते परत आले नाहीत.

यंत्र अजून मागच्या पडवीत आहे. लाल चावी माझ्या बँकेच्या लॉकरच्या किल्लीसोबत कपाटात असते. सौ. पावसाळ्यात ट्रेडमिलच्या दांडीवर कपडे वाळत घालतात आणि मी पहाटे, ट्रॅक्टर सुरू होण्यापूर्वी, धरणाच्या रस्त्याने काठी घेऊन चालायला जातो.